लग्न थांबलं, पुढे काय?

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते. मुखेड, कंधार किंवा जळकोटकडच्या एखाद्या तांड्यावरच्या शाळेत गुरुजी हजेरी घेत असतात. एका नावाला उत्तर येत नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी सांगतं, "गुरुजी, ती कारखान्याला गेली." कारखान्याला म्हणजे आईबापांसोबत ऊसतोडीला. उन्हाळा लागला की त्याच वर्गात दुसरं उत्तर ऐकू येतं, "तिचं जमलं, गुरुजी." दोन्ही वेळा हजेरीपटावर पडणारी खूण एकच असते, गैरहजेरीची.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मुलामुलींच्या संरक्षणाचं काम या खुणेपासून सुरू होतं. मूल वर्गात का दिसत नाही, हे वेळेवर विचारणारं माणूस गावात असेल तर बरंच काही वाचतं. हे काम कोण करतं, कायद्यानं कुणावर काय जबाबदारी टाकली आहे आणि साखळी कुठे तुटते, ते इथे क्रमानं पाहू.

दोन जिल्हे, धोके अनेक

नांदेड जिल्ह्यात 16 तालुके आहेत, लातूरमध्ये 10. 2011च्या जनगणनेनुसार नांदेडची लोकसंख्या सुमारे 33.6 लाख, तर लातूरची सुमारे 24.5 लाख होती. कागदावर शेजारी असलेल्या या जिल्ह्यांत मुलांपुढचे धोके मात्र तालुक्यागणिक बदलतात.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर, रेणापूर या भागात जमीन हलकी आणि पाणी कमी. इथला प्रश्न हंगामी स्थलांतराचा. देगलूर, बिलोली तेलंगणाच्या सीमेला लागून आहेत, तिथली कुटुंबं कामासाठी निजामाबाद, हैदराबाद गाठतात. किनवट आणि माहूरच्या जंगलपट्ट्यात गोंड, आंध, प्रधान, कोलाम या आदिवासींची वस्ती आहे. त्यातल्या कोलामांची नोंद केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित आदिवासी गटात केली आहे. आणि लातूर, नांदेड ही शहरं शिकवणीच्या वर्गांची. 'लातूर पॅटर्न'च्या नावावर खेड्यातली हजारो मुलं तिथे खोली करून राहतात.

'अर्ध्या कोयत्या'चं गणित

ऊसतोडीत मजूर एकटा मोजला जात नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती या कोयत्यावर. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' म्हणतात आणि त्याला उचलही अर्धी मिळते. घरातला मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा झाला, अंगावर कर्ज आहे, अशा वेळी त्याचं लग्न लावलं की अर्ध्याचा पूर्ण कोयता होतो. कोयता पूर्ण करायला मुलगी लागते आणि ती बहुतेक वेळा अठरा वर्षांखालची असते.

मुलीच्या घरचं गणित वेगळं, पण तितकंच अडचणीचं. दिवाळीनंतर पाच-सहा महिने आईबाप उसाच्या फडात असणार, राहायला कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी. वयात आलेली मुलगी सोबत न्यावी तर कोपीला धड दार नसतं. गावी ठेवावी तर घरात फक्त म्हातारा-म्हातारी. "पोरगी शहाणी झाली" हे वाक्य म्हणूनच या भागात घाबरून उच्चारलं जातं. लग्न हा त्या भीतीवर काढलेला तोडगा असतो. अडाणीपणा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवणं सोपं आहे, पण मुलीला सुरक्षित ठेवायला दुसरी जागा कोणती, या आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

हे किती घडतं, ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांआधी झालेलं आढळलं. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना लागून असलेल्या परभणीत हे प्रमाण 48 टक्के होतं, बीडमध्ये 44 टक्क्यांच्या आसपास.

कायदा गावात कुणाच्या हातात आहे?

बालविवाह प्रतिबंध अधिनियम 2006 साली झाला आणि 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू झाला. मुलीसाठी 18 आणि मुलासाठी 21 ही वयाची अट. लग्न ठरवणारे, लावणारे, होऊ देणारे यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

महाराष्ट्रात ग्रामीण भागासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाला नेमलं आहे. 2024 पासून या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अंगणवाडी सेविका त्यांना साहाय्य करते. शहरात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे असते. याशिवाय गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असावी लागते. सरपंच तिचे अध्यक्ष. अंगणवाडी सेविका, शिक्षक, आरोग्यसेविका यांच्यासोबत मुलांचे प्रतिनिधीही तिच्यात अपेक्षित आहेत. शाळेत 2022 मध्ये मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आली.

जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समिती असते. बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, आणि बाल न्याय अधिनियम 2015 नुसार तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की त्याला 24 तासांच्या आत या समितीपुढे हजर करावं लागतं.

रचना अशी भक्कम दिसते. अडचण नात्यांची आहे. ग्रामसेवकाला उद्या त्याच गावात घरपट्टी गोळा करायची असते. अंगणवाडीच्या ताई त्याच गल्लीत राहतात आणि लग्न ज्या घरी आहे तिथून त्यांना आवतण आलेलं असतं. तक्रार कुणी केली हे गावाला कळलं तर ताईंना बोलणी खावी लागतात. म्हणून बाहेरून फोन येण्याची सोय महत्त्वाची ठरते.

1098 वर फोन गेल्यावर

चाइल्डलाइनची सुरुवात 1996 साली मुंबईत झाली, रस्त्यावरच्या मुलांसाठी. आज 1098 हा क्रमांक देशभर मोफत चालतो. 2023 पासून तो शासकीय यंत्रणेतून चालवला जातो आणि 112 या आपत्कालीन सेवेशी जोडलेला आहे. फोन करणाऱ्याला आपलं नाव उघड करावं लागत नाही.

माहिती आली की ती जिल्हा कक्षाकडे, पोलिसांकडे आणि ग्रामसेवकाकडे जाते. पथक मांडवात पोचतं, तेव्हा पहिला वाद वयाचा होतो. घरचे आधार कार्ड पुढे करतात. वय ठरवताना कायद्यानं लावलेला क्रम मात्र वेगळा आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा पालिकेचा जन्मदाखला, आणि काहीच नसेल तर वैद्यकीय तपासणी. आधारचा या क्रमात उल्लेख नाही. म्हणून अनुभवी कार्यकर्ता मांडवात जाण्याआधी शाळेत जातो आणि मुख्याध्यापकांकडून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा घेतो. तो एक कागद हातात असला की पुढचा तासभराचा वाद पाच मिनिटांत मिटतो.

त्यानंतर आईवडिलांचं हमीपत्र घेतात आणि मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात. लग्न गुपचूप दुसरीकडे लावलं जाईल अशी शंका असेल तर न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई आदेश मिळवता येतो. तो मोडून लावलेलं लग्न मुळातच अवैध ठरतं.

एरवी झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो रद्द करून घेण्याचा हक्क अल्पवयात लग्न लागलेल्या व्यक्तीला आहे. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. वीस वर्षांची होईपर्यंत मुलीला हे कुणी सांगितलंच नाही तर हा हक्क कागदावरच राहतो.

लग्न थांबल्याच्या दुसऱ्या दिवशी

वर्तमानपत्रात "बालविवाह रोखला" अशी बातमी येते आणि गोष्ट तिथे संपते. मुलीसाठी ती तिथे सुरू होते. मांडव उतरला, आचाऱ्याचे पैसे बुडाले, पाहुणे परत गेले, आणि या सगळ्याचा राग ज्या घरात साचला आहे त्याच घरात तिला रात्री झोपायचं असतं. महिनाभरात कुणी फिरकलं नाही तर परक्या गावात, मामाच्या घरी, पहाटे अक्षता पडतात.

म्हणून थांबवलेल्या लग्नानंतर चार गोष्टी लगेच व्हाव्या लागतात.

पहिली गोष्ट शाळा. मुलगी आठवडाभरात वर्गात परतली पाहिजे. आठवी ते बारावीच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी बस चालतात. सकाळी फाट्यावर ही बस आली नाही तर वाडीवरच्या मुलीची शाळा बंद होते, इतकं तिचं महत्त्व आहे.

दुसरी गोष्ट राहण्याची सोय. कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय, समाजकल्याणचं वसतिगृह, आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा, असे पर्याय आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली. 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं, मुलांसाठी आणि मुलींसाठी वेगळी, अशी ती आखणी आहे. गावातच राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाची पद्धत त्याआधीपासूनची आहे. आईबाप फडात असतात तेवढे महिने मुलांचं जेवणखाण गावात होतं आणि शाळा सुटत नाही.

तिसरी गोष्ट पैसा. एक पालक नसलेल्या किंवा निराधार मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा 2,250 रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व दरमहा 4,000 रुपयांचं आहे. पुढच्या पिढीतल्या, म्हणजे 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलींसाठी 'लेक लाडकी' योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना टप्प्याटप्प्यानं एकूण 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. त्यातले 75 हजार मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर हाती येतात.

चौथी गोष्ट ओळखीचं माणूस. महिन्यातून एकदा तरी घरी येऊन चहा घेणारं आणि सहज म्हणून मुलीशी बोलणारं. योजना अर्जावर मिळते, हे माणूस मात्र गावातच घडवावं लागतं.

पाचोडचे संध्याकाळचे वर्ग

असं माणूस घडवता येतं, याचा मराठवाड्यातला पुरावा पैठण तालुक्यातल्या पाचोडचा आहे. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं डॉ. अशोक द्याळचंद यांच्या पुढाकारानं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किशोरवयीन मुलींसाठी वर्ग सुरू केले. आठवड्याचे कामाचे दिवस, रोज संध्याकाळी एक तास, वर्षभरात 225 तास. आरोग्य, पोषण, कायदा, बँकेचा व्यवहार, गावातल्या संस्था कशा चालतात, असे विषय. शिकवणाऱ्या गावातल्याच बाया, किमान सातवी शिकलेल्या.

त्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यक वय काही वर्षांतच 16 वरून 17 वर गेलं. आकडा लहान वाटेल, पण शाळकरी वयात एक वर्षही मोठं असतं. रोज संध्याकाळी मुलगी घराबाहेर पडते, शिकून परत येते आणि काही वावगं घडत नाही, हे आईबापांनी वर्षभर पाहिलं, याचाही त्यात वाटा असणार. घाईच्या लग्नामागची भीती अशा रोजच्या अनुभवानं कमी होते.

किल्लारीचा धडा

लातूर जिल्ह्याला मुलांच्या संरक्षणाचा एक मोठा, दुःखद अनुभव आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर भूकंपानं हादरला. जवळपास 8 हजार माणसं गेली. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. आईबाप गमावलेल्या आणि घर उद्ध्वस्त झालेल्या मुलांचं काय, हा प्रश्न मदतीचे ट्रक परत गेल्यावरही उरला.

त्याला वेगवेगळी उत्तरं शोधली गेली. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1,200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. वाघोलीचं शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातून उभं राहिलं. राष्ट्र सेवा दलाच्या परंपरेतले पन्नालाल सुराणा यांनी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभारलं, भूकंपग्रस्त भागाच्या शेजारीच. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगानं तिसरी वाट धरली. घरबांधणीच्या कामात गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं. पुढे त्याच बायका बचत गटांतून आरोग्य, पाणी, शाळा अशा प्रश्नांवर बोलू लागल्या.

तिन्ही वाटा आपापल्या जागी योग्य होत्या. आज मागे वळून पाहताना एक फरक लक्षात येतो. दूर नेलेल्या मुलांना शिक्षण मिळालं. आणि बायका संघटित झाल्या तिथे पुढच्या पिढीच्या मुलांकडे पाहणारे डोळे गावात तयार झाले.

हासेगावचं सेवालय

औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी 2007 मध्ये एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं. आईबाप आजारानं गेलेले, नातेवाइकांनी नाकारलेली ही मुलं. सुरुवातीला गावाचा विरोध झाला. ही मुलं शाळेत बसणार म्हटल्यावर इतर पालकांनी आपली मुलं शाळेत पाठवायचं थांबवलं. गैरसमज दूर व्हायला बराच काळ लागला. भेदभावाला मनाई करणारा एचआयव्ही-एड्स कायदा देशात 2017 मध्ये झाला आणि 2018 मध्ये लागू झाला, म्हणजे सेवालयानंतर दहा-अकरा वर्षांनी.

सेवालयानं आणखी एक अवघड प्रश्न समोर आणला. मूल अठरा वर्षांचं झालं की बालगृहाचं दार त्याच्यासाठी बंद होतं. मग जायचं कुठे? बापटले यांनी मोठ्या झालेल्या मुलामुलींसाठी त्याच परिसरात 'हॅपी इंडियन व्हिलेज' उभं केलं. नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की एचआयव्हीच होतं, हा खोडकरपणा मुद्दाम केलेला. ज्या अक्षरांनी दूर लोटलं, त्याच अक्षरांचं गाव.

इतर अनाथ तरुणांसाठी कायद्यात 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे आणि महाराष्ट्रानं 2018 मध्ये अनाथांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. अठराव्या वाढदिवसाला बालगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या दोन्हींची माहिती असायला हवी.

किनवटचं जंगल, नांदेडचं स्टेशन

किनवटला डॉ. अशोक बेलखोडे यांचं साने गुरुजी रुग्णालय भारत जोडो युवा अकादमीच्या वतीनं चालतं. दुर्गम भागात रुग्णालय हेही मुलांच्या संरक्षणाचं ठाणं असतं. कमी वयाची गरोदर मुलगी, कुपोषित बाळ, शाळा सुटलेला मुलगा डॉक्टरांसमोर आधी येतो. बिलोली तालुक्यातल्या सगरोळीला बाबासाहेब देशमुख यांनी 1959 मध्ये स्थापन केलेलं संस्कृती संवर्धन मंडळ सीमाभागातल्या मुलांना शिक्षण देत आलं आहे.

शहरात धोका वेगळा दिसतो. नांदेड हे रेल्वेचं विभागीय ठिकाण. मुंबईपासून अमृतसरपर्यंतच्या गाड्या इथून सुटतात. घरातून निघून आलेलं मूल फलाटावर सापडलं तर रेल्वे सुरक्षा दल त्याला बालकल्याण समितीकडे सोपवतं. पहिल्या रात्रीच ते सापडणं महत्त्वाचं असतं. आणि शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहिलेलं मूल हरवलेलं दिसत नाही, तरी ते एकटं असू शकतं. 'टेली-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. खोलीमालक, मेसवाल्या मावशी आणि अभ्यासिकेचे चालक यांनी तो भिंतीवर लावावा, त्याला काही खर्च नाही.

मुलग्यांचं काय?

संरक्षणाची चर्चा मुलींभोवती फिरते, ते समजण्यासारखं आहे. पण अर्धा कोयता पूर्ण करायला ज्याचं लग्न लावतात तो मुलगाही एकवीसच्या आतला असतो. त्याच्या हातात पुस्तकाऐवजी कोयता आलेला असतो आणि उचलीचं कर्ज बापाकडून त्याच्या नावावर सरकतं. गावात त्याच्यासाठी जागा कोणती? बहुतेक ठिकाणी पारावरचा कट्टा किंवा पानटपरी. मैदान, वाचनालय, व्यायामशाळा, महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, यांतलं एक जरी वर्षभर चालू राहिलं तरी सतराव्या वर्षी मुकादमाशिवाय दुसरा मोठा माणूस त्याच्या ओळखीचा होतो.

आपल्या हातात काय?

ग्रामसभेत ग्राम बाल संरक्षण समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे विचारा. इतिवृत्त मागा. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची यादी दसऱ्याआधी करून घ्या, म्हणजे हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो. लग्नपत्रिका छापणारा, मंडपवाला, आचारी, बँडवाला आणि भटजी यांनी वयाचा दाखला मागायची सवय लावून घ्यावी. कायदा लग्न लावणाऱ्यांनाही पकडतो. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात डोळे उघडे ठेवा. शंका आली तर 1098 लावा.

आणि तुम्ही शिक्षक असाल तर एवढंच करा. एखादी मुलगी तीन दिवस सलग आली नाही, तर चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या घरी जाऊन या. पत्रिका तोवर छापलेली नसते.